व्हीगन म्हणजे नेमकं काय, आणि व्हीगन लोक खातात तरी काय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

व्हीगन आहाराबद्दल बोलायला लागलं की ठरावीक प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. काही नवख्यांचे असतात, काही घरच्यांनी काळजीपोटी विचारलेले, काही बरीच वर्षं व्हीगन असलेल्यांचे. ते इथे एकत्र केले आहेत, शक्यतो विचारणाऱ्यांच्याच शब्दांत. बाकी काही वाचलं नाही तरी चालेल, पण प्रश्न ७ वाचल्याशिवाय जाऊ नका.

१. व्हीगन म्हणजे काय? थोडक्यात सांगा.

प्राण्यांपासून मिळणारं काहीही न खाणारी आणि शक्य तिथे न वापरणारी व्यक्ती म्हणजे व्हीगन. मांस, मासे, अंडी, दूध, दुधाचे सगळे पदार्थ आणि मध ताटातून जातात. चामडं, लोकर, रेशीम आणि फर कपाटातून. हा शब्द १९४४ साली इंग्लंडमध्ये डोनाल्ड वॉटसन आणि त्यांच्या मोजक्या सहकाऱ्यांनी रूढ केला. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात त्यांनी 'व्हीगन सोसायटी' स्थापन केली. विचार मात्र फार जुना आहे. अकराव्या शतकातला सीरियाचा अंध कवी अबुल अला अल-मआरी मांसाबरोबर दूध, अंडी आणि मधही वर्ज्य मानत असे.

व्हीगन सोसायटीच्या आजच्या व्याख्येत प्राण्यांचं शोषण आणि त्यांच्यावरची क्रूरता टाळायला सांगितलं आहे, पण 'शक्य आणि व्यवहार्य असेल तितकी'. हे शब्द लक्षात ठेवा. पुढच्या निम्म्या अवघड प्रश्नांची उत्तरं तिथूनच निघतात.

२. मग शाकाहारी आणि व्हीगन यांत फरक काय?

शाकाहारी माणूस प्राण्याला मारून मिळवलेलं खात नाही. व्हीगन माणूस प्राण्याकडून घेतलेलं काहीच खात नाही, मग तो प्राणी जिवंत राहो वा न राहो. म्हणून चीज, लोणी, दही आणि आइस्क्रीम शाकाहाऱ्याला चालतं, व्हीगनला नाही. दुसरा फरक असा की शाकाहार जेवणापुरता असतो; व्हीगन असणं कपडे, प्रसाधनं आणि करमणुकीपर्यंत जातं.

३. मांसाचं समजलं, पण दुधाला काय हरकत? गाय मारावी तर लागत नाही.

सर्वांत जास्त वेळा येणारा प्रश्न हाच, म्हणून सविस्तर उत्तर देते.

गाय सस्तन प्राणी आहे. ती व्याल्याशिवाय तिला दूध येत नाही आणि ते येतं वासरासाठी. दूध सतत मिळत राहायचं तर गाय सतत गाभण राहायला हवी, आणि व्यावसायिक गोठ्यांत हे काम कृत्रिम रेतनाने होतं. वासरू जन्मलं की काही तासांत किंवा काही दिवसांत त्याला आईपासून वेगळं करतात, कारण ते जितकं पिईल तितकं विकायला कमी उरतं. कालवड असेल तर तीही पुढे दुधासाठीच वाढवली जाते. खोंड असेल तर तो दूध देणार नाही, आणि दुधाळ जातीचा असल्याने मांसासाठीही फारसा अंगाला भरत नाही. म्हणून तो लहानपणीच कत्तलीला जातो किंवा वाऱ्यावर सोडला जातो. गायीचं नैसर्गिक आयुष्य वीस वर्षांच्या आसपास असतं. मोठ्या दुग्धउद्योगात पाच-सहा वर्षांतच तिचं दूध घटतं, ती परवडेनाशी होते आणि तिचीही वाट तिकडेच जाते. दुधाचा आणि मांसाचा असे दोन वेगळे उद्योग नसतातच.

अंड्यांचंही असंच. अंडी देणाऱ्या जातीचा नर पिल्लू म्हणजे उबवणी केंद्रासाठी निव्वळ तोटा, म्हणून अंड्यातून बाहेर आल्याच्या दिवशीच त्याला मारतात. जगभरात दर वर्षी अशी अब्जावधी पिल्लं मारली जातात. जर्मनीने २०२२ पासून याला बंदी घातली. तिथे आता अंड्यातच लिंग तपासतात. कोंबडीची रानातली पूर्वज वर्षाला डझनभर अंडी घालते, आजची कोंबडी तीनशेच्या घरात. कवचासाठी लागणारं कॅल्शियम तिच्या हाडांतून ओढलं जातं आणि हाडं मोडेपर्यंत ठिसूळ होतात.

४. मध का नाही? तो तर मधमाश्या आपणहून बनवतात.

बनवतात, पण स्वतःसाठी. फुलं नसलेल्या काळात पोळं जगवायला तो साठा असतो. एक कामकरी माशी आयुष्यभर राबून चमच्याचा जेमतेम बारावा भाग मध करते. व्यावसायिक मधुपालनात तो काढून बदल्यात साखरेचा पाक देतात. शिवाय मोठ्या संख्येने पाळलेल्या मधमाश्या रानटी माश्यांच्या तोंडचं खाणं पळवतात आणि त्यांच्यात रोगही पसरवतात. गोडीसाठी खजूर, ऊस, मेपल यांचे पाक आहेतच.

५. यादी वाचून वाटतं, खायला काहीच उरत नाही. तुम्ही खाता तरी काय?

उरतं ते फार मोठं आहे: सगळी धान्यं, डाळी, कडधान्यं, भाज्या, कंदमुळं, फळं, सुकामेवा, तेलबिया, मशरूम, मसाले, वनस्पतींची तेलं. जगातल्या बहुतेक स्वयंपाकघरांत रोजच्या जेवणाचा मोठा भाग आधीपासूनच व्हीगन असतो. त्यावर पडणारं लोणी, चीज किंवा साय तेवढी बदलायची असते. दुधाऐवजी सोया, ओट्स, बदाम किंवा नारळाचं दूध. त्याच दुधांचं दही लागतं. काजू भिजवून, लिंबू आणि मीठ घालून वाटले की सॉसला साईचा दाटपणा येतो. पिवळ्या पापुद्र्यांसारखं मिळणारं न्यूट्रिशनल यीस्ट पदार्थावर भुरभुरलं की चीजची खमंग चव येते.

टोफू आवडत नाही असं सांगणाऱ्यांना मी एकच विचारते: पाणी काढलं होतं का? घट्ट टोफूची वडी कापडात गुंडाळून वर वजन ठेवा, वीस मिनिटं तरी. कापड चिंब होतं. मग तुकडे करून मीठ-मिरपूड लावा, कॉर्नफ्लोअरमध्ये घोळवा आणि चांगल्या तापलेल्या तेलात पसरा. खालून कड सोनेरी होऊन तुकडा आपोआप सुटेपर्यंत उलथनं लावायचं नाही. बहुतेक टोफू इथेच बिघडतो. पाणी न काढता थंड तव्यावर टाकला की तो गिळगिळीत होतो आणि दोष सोयाबीनला मिळतो.

६. प्रोटीन कुठून मिळतं?

साधारण निकष असा: प्रौढ माणसाला किलोमागे रोज ०.८ ग्रॅम प्रोटीन लागतं. साठ किलोच्या व्यक्तीला ४८ ग्रॅम. २०० ग्रॅम शिजवलेल्या मसुरात सुमारे १८ ग्रॅम, १०० ग्रॅम घट्ट टोफूत साधारण १५, पेलाभर सोया दुधात ७ आणि मूठभर शेंगदाण्यांत ७. एवढ्यावरच ४७ झाले, आणि धान्य अजून मोजलेलंच नाही. वनस्पतींचं प्रोटीन पचायला थोडं जड असतं, म्हणून किलोमागे १ ग्रॅम धरलं तर उत्तम.

प्रोटीन ज्यांपासून बनतं त्या अमिनो आम्लांपैकी धान्यात लायसिन कमी आणि कडधान्यात मिथिओनिन कमी, म्हणून दोन्ही एकाच घासात हवीत असं पूर्वी सांगत. तसं काही नाही. दिवसभरात दोन्ही पोटात गेली की पुरे. खबरदारी एवढीच की बदाम, ओट्स किंवा नारळाच्या दुधाला प्रोटीनचा स्रोत समजू नका. बदामाच्या दुधात पेल्याला जेमतेम १ ग्रॅम असतं.

७. बी-१२ची गोळी खरंच घ्यावी लागते का? मला तर काही त्रास नाही.

हो, घ्यावीच लागते. इथे 'शक्य असेल तर' नाही.

बी-१२ वनस्पती बनवत नाहीत, प्राणीही बनवत नाहीत. ते जिवाणू बनवतात. गायीच्या पोटातले जिवाणू ते करतात आणि ते मांसात-दुधात उतरतं. कारखान्यात वाढवलेल्या कोंबड्या-डुकरांना तर खाद्यातूनच बी-१२ देतात. म्हणजे मांस खाणाराही बऱ्याचदा पूरक जीवनसत्त्वच घेत असतो, प्राण्याच्या मार्फत. आपण ते थेट घ्यायचं.

'मला काही त्रास नाही' हे धोक्याचं आहे, कारण यकृतातला साठा काही वर्षं पुरतो. तो संपत येतो तेव्हा थकवा, हातापायांना मुंग्या, जीभ लाल होऊन झोंबणं, तोल जाणं, विसरभोळेपणा अशी लक्षणं दिसू लागतात. मज्जातंतूंची हानी लांबली तर पूर्ण भरून येईलच असं नाही. आणखी एक मेख: भाज्या-कडधान्यांतल्या भरपूर फॉलेटमुळे रक्तक्षय झाकला जातो, त्यामुळे साध्या रक्ततपासणीत सगळं ठीक दिसतं आणि आत नुकसान चालूच असतं.

किती घ्यायचं? व्हीगन सोसायटीचा सल्ला असा: रोज किमान १० मायक्रोग्रॅमची गोळी, किंवा आठवड्याला एकदा २००० मायक्रोग्रॅम, किंवा बी-१२ घातलेले पदार्थ दिवसातून दोन-तीनदा, मिळून किमान ३ मायक्रोग्रॅम. आठवड्याचा आकडा एवढा मोठा वाटतो, कारण एका वेळी शरीर त्यातलं फार थोडं शोषून घेतं. स्पिरुलिना, समुद्रशेवाळ, आंबवलेले पदार्थ, न धुतलेल्या भाज्या यांच्या भरवशावर राहू नका. स्पिरुलिनामध्ये बी-१२सारखा दिसणारा पण शरीराला न चालणारा पदार्थ असतो. लक्षणं आधीच असतील तर स्वतःच मात्रा ठरवू नका. डॉक्टरांकडे जा, इंजेक्शनं लागू शकतात.

८. लोह आणि कॅल्शियमचं काय? दूध सोडलं की हाडं ठिसूळ होतात म्हणतात.

लोह मसूर, राजमा, सोया, तीळ, हिरव्या पालेभाज्या यांत भरपूर असतं, पण मांसातल्या लोहाइतकं सहज शोषलं जात नाही. म्हणून मांस न खाणाऱ्यांनी गरज १.८ पट धरावी असा संकेत आहे. उपाय सोपा: जेवणात लिंबू, टोमॅटो, ढोबळी मिरची किंवा पेरूसारखं 'क' जीवनसत्त्व असू द्या, आणि चहा-कॉफी जेवणापासून तासभर दूर ठेवा. कडधान्यं भिजवून मोड आणली की लोह अडवणारं फायटेटही कमी होतं.

कॅल्शियमबद्दलची काळजी मात्र रास्त आहे. ब्रिटनमध्ये हजारो लोकांवर वर्षानुवर्षं चाललेल्या एपिक-ऑक्सफर्ड अभ्यासाचे निष्कर्ष २०२० साली आले. त्यांत व्हीगन लोकांत हाडं मोडण्याचं प्रमाण मांसाहाऱ्यांपेक्षा जास्त आढळलं, खुब्याच्या बाबतीत तर दुपटीहून अधिक. कमी वजन, कमी कॅल्शियम आणि कमी प्रोटीन यांनी त्याचा काही भाग उलगडतो, सगळा नाही. म्हणून कॅल्शियम सल्फेट घालून बनवलेला टोफू, कॅल्शियम घातलेलं वनस्पतीचं दूध, तीळ, ब्रोकोली, केल, बॉक चॉय हे रोजच्या खाण्यात हवेत. दुधाचा डबा आधी हलवा, कॅल्शियम तळाशी बसतं. पालकावर विसंबू नका: त्यातल्या ऑक्झॅलेटमुळे कॅल्शियमचा अगदी थोडा भाग अंगी लागतो. आणि हाडांवर भार येईल असा व्यायाम करा.

९. आणखी कशाकशाकडे लक्ष ठेवायचं?

तीन गोष्टी. आयोडीन: दूध आणि मासे सोडल्यावर त्याचा स्रोतच आटतो. रोजची गरज १५० मायक्रोग्रॅम. आयोडीनयुक्त मीठ वापरा. 'नैसर्गिक' म्हणून आणलेल्या सैंधवासारख्या मिठात ते पुरेसं नसतं. केल्पसारख्या समुद्रशेवाळात उलट इतकं असतं की थायरॉइड बिघडेल. ओमेगा-३: रोज चमचाभर जवस, पण कुटून, अख्खं जवस तसंच बाहेर पडतं. त्यातून मिळणाऱ्या मेदाम्लाचं डीएचएमध्ये, म्हणजे माशांत असतं त्या ओमेगा-३मध्ये, रूपांतर फार कमी होतं, म्हणून हवं तर शेवाळाचं तेल घ्या. मासेही शेवटी ते शेवाळातूनच मिळवतात. तिसरं 'ड' जीवनसत्त्व: बाजारातलं डी-३ बहुधा मेंढीच्या लोकरीतल्या मेणापासून काढतात. दगडफुलाच्या कुळातल्या लायकेनपासूनचं डी-३ मिळतं, ते व्हीगन आहे.

१०. सोयाने पुरुषांमध्ये बायकी बदल होतात, हे खरं का?

नाही. सोयातल्या आयसोफ्लेव्होनची रचना इस्ट्रोजेनसारखी आहे, पण शरीरात ते तसं वागत नाहीत. पुरुषांवरच्या अनेक प्रयोगांचा एकत्रित आढावा २०१० साली आणि पुन्हा २०२१ साली घेतला गेला. टेस्टोस्टेरोन किंवा इस्ट्रोजेनवर परिणाम दिसला नाही. थायरॉइडच्या गोळ्या घेणाऱ्यांनी मात्र गोळी आणि सोया यांत काही तासांचं अंतर ठेवावं, कारण सोया गोळीचं शोषण कमी करतं.

११. गरोदरपणात आणि लहान मुलांना चालतं का?

तज्ज्ञांत यावर एकमत नाही, हे आधीच सांगायला हवं. अमेरिकेतल्या अकॅडमी ऑफ न्यूट्रिशन अँड डायटेटिक्स या आहारतज्ज्ञांच्या संस्थेने २०१६ साली म्हटलं की नीट आखलेला व्हीगन आहार आयुष्याच्या सर्व टप्प्यांना योग्य आहे. त्याच वर्षी जर्मनीच्या पोषण संस्थेने गरोदर स्त्रिया आणि मुलांसाठी त्याची शिफारस करायला नकार दिला. २०२४ मध्ये तिने भूमिका बदलली, तरी या गटांबाबत बाजूने किंवा विरोधात शिफारस करण्याइतकी माहिती नाही असंच म्हटलं. माझं मत असं की दोन्ही संस्थांचा भर 'नीट आखलेला' यावरच आहे. व्हीगन आहार जाणणाऱ्या आहारतज्ज्ञाशिवाय हे करू नका. बी-१२, आयोडीन, लोह आणि डीएचए यांची सोय पहिल्या दिवसापासून हवी.

आईचं दूध बाळासाठीच असतं, त्यामुळे ते व्हीगन धरलं जातं. ते मिळत नसेल तर वर्षाच्या आतल्या बाळाला बाळांसाठीचं खास सोया फॉर्म्युलाच द्यावं, तेही बालरोगतज्ज्ञांना विचारून. बदाम, ओट्स किंवा घरी काढलेलं सोया दूध कधीही त्याच्या जागी देऊ नका. तान्ह्या बाळांचे त्यापायी जीव गेले आहेत. सोया फॉर्म्युलातलं 'ड' जीवनसत्त्व बहुतेकदा लोकरीपासूनचं असतं. तरीही तेच द्या.

१२. व्यायाम करणाऱ्यांना झेपतं का?

झेपतं. धावपटू कार्ल लुईस १९९१ साली व्हीगन आहारावर होते आणि त्याच वर्षी टोकियोत त्यांनी १०० मीटरचा ९.८६ सेकंदांचा जागतिक विक्रम केला. एका उदाहरणाने सिद्ध काही होत नाही, पण अशक्य नाही एवढं नक्की कळतं. वजनं उचलणाऱ्यांनी प्रोटीन प्रश्न ६मधल्या आकड्याहून बरंच वाढवायला हवं.

१३. व्हीगन झालं की वजन उतरतं ना? तब्येत सुधारते ना?

बटाट्याचे वेफर्स, सोडा आणि साखरेत घोळवलेली बिस्किटंही व्हीगन असू शकतात. तब्येत सुधारते ती कडधान्यं, भाज्या, फळं वाढली म्हणून. निव्वळ वजनासाठी येणारे बहुधा दोन-तीन महिन्यांत परत जातात. प्राण्यांसाठी आलेले टिकतात. माझं निरीक्षण तरी हेच आहे.

१४. सुरू केल्यापासून पोट फुगतं. शरीराला मानवत नाही का?

तंतूंचं प्रमाण एकदम वाढलं की असं होतंच. आतड्यातल्या जिवाणूंना काही आठवडे द्या. कडधान्यं रात्रभर भिजवा, ते पाणी फेकून नव्या पाण्यात मऊ शिजवा, आणि छोट्या वाटीपासून सुरुवात करा. महिन्याभरानंतरही त्रास तसाच असेल तर डॉक्टरांना दाखवा.

१५. अंड्याशिवाय केक कसा फुलतो?

अंडं त्या पदार्थात काय काम करत होतं ते आधी ओळखा. बांधून ठेवत असेल तर चमचाभर जवसाची पूड तीन चमचे पाण्यात दहा मिनिटं भिजवा. अंड्याच्या पांढऱ्यासारखी तार सुटते. ओलावा देत असेल तर कुस्करलेलं पिकलं केळं. साध्या केकला फुगवायचं असेल तर खायचा सोडा आणि चमचाभर व्हिनेगर पुरतं, मात्र मिश्रण लगेच भट्टीत जायला हवं.

मेरँगसारख्या निव्वळ फेसाच्या पदार्थाला काबुली चणे शिजवलेलं दाट पाणी. ते फेसता येतं हे फ्रान्सच्या जोएल रोसेल यांनी २०१४ साली दाखवलं. थंड करून फेसायला घ्या. आधी साबणासारखे मोठे बुडबुडे येतात आणि फसलं असं वाटतं. थांबू नका, चांगली आठ-दहा मिनिटं यंत्र फिरलं की पांढरंशुभ्र, टोक धरणारं मिश्रण तयार होतं. तीन मोठे चमचे पाणी म्हणजे एक अंडं.

१६. सोया दूध कॉफीत फुटतं. काय करू?

कॉफीतलं आम्ल आणि उष्णता एकदम भिडली की सोयाचं प्रोटीन गोठतं. दूध आधी कोमट करा आणि कपात तेच पहिलं घाला. मग थोडी निवलेली कॉफी हळूहळू त्यावर ओता. गडद भाजलेली कॉफी कमी आंबट असते. 'बरिस्ता' लिहिलेल्या दुधात आम्ल सावरणारं क्षार घातलेलं असतं, ते सहसा फुटत नाही.

१७. पाकिटावर कोणते शब्द शोधायचे?

दूध उघड लिहिलेलं नसतं तिथे ते केसिन, केसिनेट, व्हे, लॅक्टोज या नावांनी असतं. जिलेटिन म्हणजे जनावरांची कातडी आणि हाडं उकळून काढलेलं. ते गमी, मार्शमॅलो आणि कॅप्सूलमध्ये असतं. त्याऐवजी अगर-अगर चालतं. ई-क्रमांक म्हणजे पदार्थांत घालायच्या रंग-रसायनांचे सांकेतिक आकडे: ई-१२० म्हणजे कोचिनील किड्यांपासूनचा लाल रंग, ई-९०१ मधमाश्यांचं मेण, ई-९०४ लाखेच्या किड्यापासूनचं शेलॅक, म्हणजे गोळ्या-चॉकलेटांवरची चकाकी. ई-४७१, म्हणजे तेल-पाणी एकजीव ठेवणारा घटक, वनस्पतीचाही असतो, प्राण्याचाही. पाकिटावरून कळत नाही, कंपनीला विचारावं लागतं.

दोन फसवे शब्द. 'लॅक्टोज-फ्री' दूध हे गायीचंच दूध असतं, फक्त साखर फोडलेली. आणि 'नॉन-डेअरी' क्रीमरमध्ये अनेकदा सोडियम केसिनेट असतं, ते दुधातूनच येतं. व्हीगन सोसायटीचं सूर्यफुलाचं चिन्ह १९९० पासून आहे. ते दिसलं तर यादी वाचायची गरज उरत नाही.

१८. 'दुधाचे अंश असू शकतात' असं लिहिलं असेल तर?

ती ॲलर्जी असणाऱ्यांसाठीची सूचना आहे: त्याच यंत्रावर दुधाचा पदार्थही बनतो. घटकांत दूध नसेल तर पदार्थ व्हीगन आहे, खा. ॲलर्जी असेल तर खाऊ नका. 'व्हीगन' लिहिलंय म्हणजे ॲलर्जीसाठी सुरक्षित, असंही समजू नका.

१९. साखर आणि वाइनसुद्धा व्हीगन नसते म्हणे?

काही ठिकाणी. उसाची साखर पांढरी करताना काही कारखाने हाडांचा कोळसा वापरतात. बीटच्या साखरेला तो लागत नाही. वाइन नितळ करायला अंड्याचा पांढरा, केसिन, जिलेटिन किंवा माशाच्या हवेच्या पिशवीपासूनचं आयझिंग्लास वापरतात; बेंटोनाइट मातीनेही तेच काम होतं. सुरुवातीलाच या तपशिलांत अडकू नका. एका बिस्किटातल्या साखरेचा उगम शोधत बसण्यापेक्षा रोजचं दूध बदलणं प्राण्यांसाठी कितीतरी मोठं आहे.

२०. औषधांचं काय? माझ्या गोळीत लॅक्टोज आहे.

औषध घ्या. 'शक्य आणि व्यवहार्य' हे शब्द अशाच वेळेसाठी आहेत. लॅक्टोज, जिलेटिनचं कॅप्सूल, डुकराच्या आतड्यापासूनचं, रक्ताच्या गुठळ्या रोखणारं हेपॅरिन हे सगळं औषधांत असतं आणि प्रत्येक वेळी पर्याय नसतो. फार्मासिस्टला विचारा, कधी सेल्युलोजचं कॅप्सूल किंवा वेगळ्या कंपनीची गोळी मिळते. बदल होतात: इन्सुलिन कित्येक दशकं गायी-डुकरांच्या स्वादुपिंडातून काढत, १९८२ पासून जिवाणूंकडून बनवून घेतलेलं इन्सुलिन मिळू लागलं. तुम्ही आजारी पडून कोणत्याही प्राण्याचं भलं होत नाही.

२१. यीस्ट, मशरूम, अंजीर?

तिन्ही चालतात. यीस्ट आणि मशरूम बुरशी आहेत, प्राणी नाहीत. अंजिराच्या काही जातींत परागीभवन करणारी चिमुकली गांधीलमाशी आत मरते आणि फळातल्या विकराने विरघळते. बाजारातल्या बऱ्याच जाती परागीभवनाशिवायच पिकतात. ही निसर्गातली घडामोड आहे, माणसाने चालवलेलं शोषण नाही.

२२. कालवं आणि शिंपल्यांना मेंदूच नसतो. मग ती का नाहीत?

हा वाद व्हीगन लोकांमध्येही आहे. त्यांना मज्जातंतूंचे गुच्छ असतात, मेंदू नसतो. वेदना होतात की नाही याचं ठाम उत्तर नाही. पण ते प्राणी आहेत, आणि जिथे शंका आहे तिथे तिचा फायदा त्यांना द्यावा असं मला वाटतं. खाल्ल्यावाचून अडत तर नाही.

२३. झाडांनाही जीव असतो की.

असतो. झाडं उजेडाला, जखमेला प्रतिसाद देतात, पण त्यांना मज्जासंस्था नाही, वेदना जाणवेल असं काही नाही. आणि समजा जाणवत असेल, तरी कमी झाडं मारायची तर थेट झाडंच खावीत. जगातल्या सोयाबीनपैकी सुमारे तीन-चतुर्थांश जनावरांच्या खाद्यात जातं. गायीच्या पोटातून फिरून आलेल्या एका घासामागे कितीतरी घास चारा लागतो.

२४. बदामाच्या दुधाला किती पाणी लागतं! त्यापेक्षा गायीचं बरं नाही का?

११९ देशांतल्या सुमारे ३८,७०० शेतांचा अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार लिटरमागे बदामाच्या दुधाला सरासरी ३७१ लिटर पाणी लागतं, हे खरंच जास्त आहे. गायीच्या दुधाला ६२८. ओट्सला ४८, सोयाला २८. हरितगृह वायूंत गायीचं दूध लिटरला ३ किलोच्या पुढे जातं, बाकी सगळी १ किलोच्या आसपास किंवा खाली. निवड करायची झाली तर सोया: पाणी कमी, प्रोटीन जास्त.

२५. आधीचे चामड्याचे बूट आणि लोकरीचे स्वेटर फेकून द्यायचे का?

तुमच्यावर आहे. झिजेपर्यंत वापरणारेही आहेत, लगेच देऊन टाकणारेही. प्राणी परत येणार नाही. पुढची खरेदी मात्र बदलू शकते. रेशीम यात विसरलं जातं: अखंड धागा मिळावा म्हणून कोश आतल्या किड्यासकट उकळतात.

२६. माझ्या अंगणात मोकळ्या फिरणाऱ्या कोंबड्या आहेत, त्यांची अंडीही नाहीत?

कोंबड्या विकत आणल्या असतील तर त्यांचे भाऊ कुठे गेले ते प्रश्न ३मध्ये आहे. सोडवून आणलेल्या असतील तर प्रश्न खरोखर अवघड आहे. काही जण फुटलेली अंडी त्यांनाच खायला घालतात, म्हणजे गेलेलं कॅल्शियम परत मिळतं. मी खाणार नाही, कारण एकदा अंडी हवीशी वाटली की अंडी न देणारी म्हातारी कोंबडी नकोशी वाटायला वेळ लागत नाही.

२७. मांजरालाही व्हीगन करू का?

मांजर मांसावरच जगणारा प्राणी आहे. टॉरिन हे मांसातलं पोषकद्रव्य आणि तयार 'अ' जीवनसत्त्व त्याला अन्नातूनच लागतं. टॉरिन कमी पडलं की दृष्टी जाते, हृदय बिघडतं. घरी शिजवून प्रयोग मुळीच करू नका. कुत्र्याचं थोडं सोपं आहे, पण तेही पशुवैद्याच्या देखरेखीखालीच.

२८. चुकून दूध असलेलं काही खाल्लं. आता?

काही नाही. पुढचं जेवण व्हीगन जेवा. व्हीगन असणं म्हणजे सोवळं नव्हे. विटाळ होऊन मोडेल असं त्यात काही नाही.

२९. प्रयोगशाळेत वाढवलेलं मांस व्हीगन आहे का?

पेशींपासून वाढवलेलं मांस विकायला पहिली परवानगी सिंगापूरने डिसेंबर २०२० मध्ये दिली, अमेरिकेने २०२३ मध्ये. मूळ पेशी प्राण्याच्या असतात, आणि सुरुवातीला त्या वाढवायला गायीच्या गर्भाचं रक्तद्रव वापरत. आता त्याशिवायच्या पद्धती आल्या आहेत. काटेकोर अर्थाने ते व्हीगन नाही. पण मांस सोडायला तयार नसलेल्यांनी ते घेतलं आणि त्यामुळे कत्तल कमी झाली, तर मला आनंदच होईल.

सूक्ष्मजीवांकडून बनवून घेतलेलं व्हे प्रोटीन ही याचीच जवळची गोष्ट. त्यात गाय कुठेच नसते, म्हणून बरेच व्हीगन ते स्वीकारतात. मात्र ते रेणूशः दुधाचंच प्रोटीन आहे. दुधाची ॲलर्जी असलेल्यांनी पाकिटावर 'ॲनिमल-फ्री' वाचून ते खाऊ नये. प्रतिक्रिया गायीच्या दुधाइतकीच तीव्र येऊ शकते.